काट्यावरचं दूध

"हात काढ गं, हात काढ! तुझ्या हाताचं वजन कशाला तिच्यात?"

अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, असं म्हटल्यावर मी लेकीच्या पोटावरचा हात काढला.

ती गुळाच्या काट्यावर निजली होती. माझ्या सासऱ्यांच्या अडतीतला तो जमिनीवरचा लोखंडी काटा. एरवी त्याच्यावर ढेपांची चवड चढायची. त्या सकाळी त्याच्यावर झटकलेलं पोतं, पोत्यावर दुपटं आणि दुपट्यावर तीन महिन्यांची माझी सोनल. फटीफटींतून जुना गूळ चिकटून बसलेला. त्याचा आंबूस गोड वास तिच्या जावळात शिरत होता. एक माशी तिच्या कपाळाभोवती घुटमळत होती. ती हाकलायला मी पुढे झाले, तर अक्कांनी डोळे वटारले. माशीचं वजन चालत होतं, आईच्या हाताचं नव्हतं.

सासरे, अण्णा, चष्मा वर सरकवून दांडीवरचं माप हळूहळू पुढे नेत होते. ढेप तोलताना चेहऱ्यावर जी समाधी लागायची, तीच आत्ता लागली होती. दांडी आडवी झाली.

"झालं," ते म्हणाले. "आता पाजून आण."

हे सगळं कशासाठी, ते सांगते. आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळ होतं आणि अक्का त्याच्या अध्यक्षा होत्या. मंडळ दर चैत्रात हळदीकुंकू करायचं, कैरीची डाळ, पन्हं आणि त्याच्या जोडीला 'गुटगुटीत बाळ स्पर्धा'. आदल्या वर्षी पहिला नंबर वकिलीणबाईंच्या नातवाला मिळाला होता. तेव्हापासून वकिलीणबाई देवळात भेटल्या तरी आधी नातवाचे दंड सांगायच्या आणि मग देवाला हात जोडायच्या. अध्यक्षीणबाईंना ते वर्षभर जिव्हारी लागलं होतं. म्हणून मी माहेराहून बाळाला घेऊन आले, तेव्हा उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून होतो न होतो तोच त्यांनी दुपटं उकललं, पोरीच्या मांडीला चिमटा घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "एवढीशीच?"

माझं माहेर खेड्यातलं. तिथे माझं नाव अंबू होतं. लग्नात सासरच्या देशमान्यांनी ते पुसून अश्विनी ठेवलं. अंबू नावाची सून दुकानाच्या पाटीखाली शोभली नसती म्हणे. माहेरी कुणी पोरीला तोललं नव्हतं. ती रडली की आई म्हणायची, "घे गं पदराखाली," आणि भाकरी थापता थापता गुणगुणायची,

पान्हा फुटला गं बाई, पदर भिजला भिजला
लेकीच्या ओठावरी चांद दुधाचा निजला.

खरंच तसं व्हायचं. पोटभर झालं की तिचं तोंड आपोआप सुटायचं, ओठाच्या कडेला एक पांढरी कोर उरायची आणि ती तशीच झोपी जायची.

त्या दिवशी अडतीच्या मागच्या खोलीत, ढेपांच्या रांगेआड बसून मी तिला पाजलं. बाहेर हमाल ओरडत होते, गाड्या लागत होत्या. पोर मात्र घटाघटा पीत होती. तिचा गिळल्याचा आवाज मला ऐकू येत होता आणि दुसऱ्या बाजूनं माझी चोळी भिजत होती. कोर उमटली. मी तिला उचलून पुन्हा काट्यावर नेऊन ठेवलं.

दांडी जागची हलली नाही.

अण्णांनी माप मागे घेतलं, पुढे नेलं, पुन्हा मागे घेतलं. दांडी होती तिथेच.

"बघा," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. जिंकल्यासारखं काहीतरी होतं. "मी म्हणत नव्हते? ही पोर नुसती चोखतेय. आत काही जातच नाही. दूधच नाही हिला."

"अहो अक्का, चोळी बघा माझी, भिजलीय."

"चोळी भिजते गं घामानंसुद्धा."

मी दाराआडून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. शेखर गल्ल्यावर बसून पेन्सिलीला टोक काढत होते. बी.कॉम. झालेला तो माणूस त्या वेळी इतकं मन लावून टोक काढत होता, की जणू उद्या परीक्षाच आहे.

माझं डोकं तापलं होतं. कोपऱ्यात पिण्याचा माठ होता. मी रिकामा तांब्या काट्यावर पोरीच्या शेजारी ठेवला आणि अण्णांना म्हटलं, "अण्णा, आता बघा." त्यांनी माप लावलं. मग मी त्याच तांब्यात फुलपात्रानं पाणी ओतलं. तांब्या अर्धा भरला. दांडी हलली नाही.

"एवढ्या पाण्यालाही तो हलत नाही," मी म्हटलं. "पोरीच्या पोटात ह्याच्या निम्मंही जात नसेल एका वेळी. ह्या काट्याला ते दिसतच नाही, अण्णा."

मला वाटलं, आता दोघं हसतील, अक्का कपाळावर हात मारतील आणि आम्ही घरी जाऊ. पण अण्णांचा चेहरा लाल झाला. अडतीच्या दारात दोन शेतकरी आपल्या गाडीची पाळी यायची वाट बघत उभे होते. अण्णांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"देशमान्यांचा काटा खोटा म्हणतेस?"

"खोटा नाही हो, मोठा आहे. ढेपेसाठी आहे."

"माझ्या आज्यापासून ह्या काट्यावर बोट ठेवलं नाही कुणी. आणि तू, काल आलेली पोरगी, गिऱ्हाईक दारात असताना म्हणतेस ह्याला दिसत नाही?"

"तांब्या आणि लेकरू एक का?" अक्कांनी पुस्ती जोडली. "पाणी आणि दूध एक का?"

दारातला एक शेतकरी हळूच हसला. अण्णांना वाटलं, तो काट्याला हसला. मला वाटतं तो मलाच हसला असावा. कुणालाही हसलेला असो, माझ्या दुधाचा निकाल त्या हसण्यावर लागला. काटा खरा ठरवायचा तर दूध खोटं ठरवणं भाग होतं. एवढा साधा हिशेब होता.

त्याच दुपारी दुधाच्या भुकटीचा डबा आला. डब्यावर एक गोबरं, निळ्या डोळ्यांचं बाळ होतं. तसलं बाळ आमच्या पंचक्रोशीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. घरात इंग्रजी वाचणारे शेखर एकटेच, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं. त्यांनी डबा गोल फिरवत सगळा मजकूर मोठ्यांदा वाचला. कुणालाही काही कळलं नाही. शेवटी ते मराठीत म्हणाले, "चांगलं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अहो," मी रात्री जेवण आवरल्यावर त्यांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा ना अण्णांना. पोर पिते हो. मला कळतं."

"कळतं ते ठीक आहे, पण मोजून दिसलं पाहिजे ना?"

"तुम्हाला तुमच्या आईनं तोलून पाजलं होतं का?"

त्यांनी चादरीची घडी उलगडली. प्रश्न टाळून कामाला लागण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. उशी सारखी करत म्हणाले, "स्पर्धेपर्यंतच तर आहे. नंतर पाज की तुझं तू."

जणू दूध म्हणजे आडातलं पाणी. पोहरा दोन महिने बाजूला ठेवावा आणि मग पुन्हा सोडावा.

बाटलीचं बूच मऊ होतं, भोक मोठं होतं. पोरीला ओढावं लागत नव्हतं, तोंडात आपोआप पडायचं. तिचा काय दोष? आधी ती दोन्हीकडे पीत होती. मग माझ्याकडे आली की क्षणभर ओढायची, धार यायच्या आतच चिडायची, मान टाकायची, पाठ ताणून रडायची. पहिल्यांदा तिनं माझ्यापासून तोंड फिरवलं, तेव्हा अक्का शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या.

"पोराला कळतं," त्या म्हणाल्या. "रिकाम्या भांड्याशी कोण कशाला बसेल?"

रिकामं नव्हतं ते. भरून आलं होतं, दगडासारखं. ताप चढला. कूस बदलली तरी डोळ्यांतून पाणी यायचं. माझी आई भेटायला आली, सोबत अळीव आणि मेथ्या घेऊन आली. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि ओसरीवर अक्कांसमोर उभी राहिली.

"विहीणबाई, लेकरू लावत ऱ्हायलं तर समदं सुटंल. दोन दिस बाटली बाजूला ठिवा की. म्या पाया पडते."

"तुमच्याकडे चालतं हो तसं," अक्का हसून म्हणाल्या. "आमच्याकडे मापानं असतं सगळं."

आई चहा न घेता गेली. अळीव अक्कांनी मोलकरणीला देऊन टाकले.

त्याच संध्याकाळी अक्का परसात गेल्या आणि ओंजळभर मोगऱ्याच्या कळ्या खुडून आणल्या. मला त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसवलं, जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडली, तिच्यात कळ्या पसरल्या आणि माझ्या छातीभोवती ती घट्ट बांधली. ताज्या कळ्या बांधल्या की पान्हा आटतो. आमच्याकडे ज्या बाईचं बाळ जातं, तिला बांधतात त्या. माझं बाळ समोर पाळण्यात हातपाय झाडत होतं.

एक गोष्ट खोटं न बोलता सांगते. त्या घरात इतक्या हलक्या हातानं मला कुणी कधी स्पर्श केला नव्हता. कुठे दुखतं ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. काखेकडचा भाग त्यांनी सैल सोडला. गाठ पाठीत रुतू नये म्हणून बाजूला घेतली. मी रडत होते आणि मोगरा माझ्या अंगाच्या उबेनं उमलत होता. रात्रीपर्यंत ती खोली एखाद्या नव्या नवरीच्या खोलीसारखी घमघमायला लागली.

कळ्या रोज बदलल्या. वासाची मला शिसारी येऊ लागली. मग एका सकाळी चोळी कोरडी होती.

पोर मात्र फुगली. खरंच फुगली. दंडाला वळ्या पडल्या, हनुवट्या दोन झाल्या, डब्यावरच्या बाळाची सावळी बहीण दिसायला लागली. अण्णा तिला दर आठवड्याला काट्यावर घालायचे आणि दांडी वर गेली की हमालांना पेढे वाटायचे. काट्याची अब्रू राहिली.

हळदीकुंकू शाळेच्या पटांगणात होतं. मांडवात समोर बायका, मागच्या खुर्च्यांवर कौतुकानं आलेले बाप आणि आजोबा. स्टेजवर मखमली सोफा, टेबलावर बक्षिसाचे डबे. होय, डबेच. डब्याच्या कंपनीच्या एजंटानं ते दिले होते, मनोरा रचून, लाल फीत बांधून. परीक्षक म्हणून जिल्ह्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वजन पाहून झालं, डोळे, कान, टाळू पाहून झालं. शेवटी वकिलीणबाईंची नवी नात आणि आमची सोनल अशा दोघी उरल्या. दोघी सारख्याच गोल. डॉक्टरीणबाईंनी माईकवरून विचारलं,

"आता शेवटचा प्रश्न. बाळ कशावर वाढतंय? कारण आईचं दूध असेल तर त्याचे मी जास्त गुण देणार आहे."

वकिलीणबाईंच्या सुनेनं मान खाली घातली. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत अक्का पुढे झाल्या, पदर सावरला आणि माईकमध्ये खणखणीत म्हणाल्या,

"आमच्याकडे फक्त आईचंच दूध. वरचं पाणीसुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. मी अक्कांकडे पाहिलं. त्या ताठ उभ्या होत्या, पापणीही लवत नव्हती. आटवताना माझं दूध नव्हतंच, आणि आता गुण मिळणार म्हटल्यावर ते होतं. अशा माणसांवर रागावताही येत नाही. राग यायला समोरचं माणूस निदान आपल्या उंचीचं असावं लागतं.

पहिला नंबर आमचा आला. पोरीच्या छातीवर रेशमी पट्टा लागला. एका बाईनं मला कुंकू लावलं आणि ओंजळीत मोगऱ्याचा गजरा ठेवला. वास नाकात शिरला आणि मी ओंजळ लांब धरली.

"आता बाळाच्या आईनं नाव घ्यायचं!" खालून कुणीतरी ओरडलं. "उखाणा! उखाणा!"

अक्कांनी हसून माईक माझ्याकडे वळवला. उखाण्याला काय भ्यायचं? मी खेड्यातली. आम्ही श्वास घेतो तितक्या सहज यमक जुळवतो. मी म्हटलं,

"गुळाच्या काट्यावर ठेवला माझा तान्हा,
मोगऱ्याच्या कळ्यांनी आटवला पान्हा,
डब्याच्या दुधानं बक्षीस आणलं घरा,
शेखररावांचं नाव घेते, तुम्हीच न्याय करा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

हो, टाळ्या. उखाण्याला टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "काय गोड म्हणते हो!" डॉक्टरीणबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. दोनशे बायकांच्या मांडवात माझं दुःख यमकासकट पोचलं आणि त्यातलं यमक तेवढं सगळ्यांनी ठेवून घेतलं.

ऐकलं फक्त वकिलीणबाईंनी. हरलेल्या माणसाचे कान फार तीक्ष्ण असतात. त्या उठून उभ्या राहिल्या.

"थांबा थांबा. डब्याच्या दुधानं म्हणजे काय गं? परत म्हण बघू."

"अहो, उखाणा तो!" अक्का चटकन म्हणाल्या. "यमक जुळवायला पोरी वाट्टेल ते म्हणतात."

सगळ्या हसल्या. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण एवढ्या टाळ्यांनी सोनल दचकली आणि रडायला लागली.

"भुकेजली असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घे गं पदराखाली. पुढे सगळ्या बायकाच तर आहेत. उलट सगळ्यांना दिसू दे."

घे गं पदराखाली. आईचेच शब्द. मी मखमली सोफ्यावर बसले आणि तिला छातीशी घेतलं. मला वाटलं, देवा, आता एकदा ओढ गं. आत्ता ओढलीस तर मी ह्या सगळ्यांना माफ करीन. तिनं ओठ लावले, एकदा चोखलं, दोनदा चोखलं, आणि पाठ ताणून अशी किंचाळली की मांडव गप्प झाला.

त्या शांततेत मागच्या खुर्च्यांमधून कुणीतरी धावत आलं. शेखर. बायकांच्या रांगा ओलांडत, "सरका हो, जरा सरका," म्हणत, हात उंच धरून. हातात बाटली होती. पोर रडली की बाटली न्यायची, एवढं त्यांना शिकवलं होतं आणि शिकवलेलं ते कधी विसरत नसत. स्टेजच्या पायऱ्या चढून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि धापा टाकत अभिमानानं म्हणाले, "कोमट आहे."

वकिलीणबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. डॉक्टरीणबाईंनी बाटलीकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि टेबलावरच्या मनोऱ्याकडे पाहिलं. मग गाडी काढायला सांगितलं. पट्टा काही त्यांनी काढून घेतला नाही. कदाचित दुसऱ्या नंबरच्या, वकिलीणबाईंच्या सुनेच्या, पिशवीतूनही बाटलीच्या बुचाचं टोक डोकावत होतं, तेही त्यांना दिसलं असावं.

आम्ही घरी परतलो. अण्णा थेट अडतीत गेले. शेखर बक्षिसाचे डबे माजघरात रचून ठेवण्यात गुंतले. मी स्वयंपाकघरात आले, गजरा मोरीत टाकला. अक्का चुलीसमोर पाटावर बसल्या होत्या. त्या ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. मला भांडायचं होतं. चांगले शब्द साठवले होते मी.

त्या मोरीतल्या गजऱ्याकडे बघत होत्या.

"मलाही बांधला होता," त्या म्हणाल्या. "शेखरच्या वेळी."

"काय?"

"मोगरा. सासूबाईंनी. वाटीत दूध काढायला लावलं. म्हणाल्या, निळसर आहे, पाणी आहे नुसतं, ह्यानं पोर जगायचं नाही." त्यांनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "काखेत फार दुखतं. म्हणून तुझी पट्टी तिथं सैल सोडली मी."

दुसऱ्या कुणाला त्या क्षणी त्यांची दया आली असती. मलाही येऊ बघत होती, उंबऱ्यापर्यंत आली होती. मग मला आठवलं, परसातून कळ्या खुडताना त्या एक एक कळी निवडून घेत होत्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. त्यानंतर आम्ही एका घरात पुष्कळ वर्षं काढली, पण त्या मला कधी अश्विनी म्हणाल्या नाहीत, सून म्हणाल्या नाहीत, कसलीच हाक मारली नाही. दुसऱ्या खेपेला मी वर्षभर माहेरीच राहिले आणि तो मुलगा अंगावरच वाढला. त्याला कुणी कधी तोललं नाही. पण ती पुढची गोष्ट. माझ्या सोनलला त्याचा काय उपयोग?

आत पाळण्यात ती उठली आणि रडायला लागली. घरचा डबा सकाळीच संपला होता. स्पर्धेच्या गडबडीत नवा आणायचं शेखर विसरले होते. अक्का उठल्या, माजघरातल्या मनोऱ्यावरचा वरचा डबा घेतला, लाल फीत सोडली, चमच्याच्या देठानं झाकण उचकटलं. भुकटीचा चमचा भरला, सुरीची पाठ फिरवून तो सपाट केला, एक कणही वर राहू दिला नाही. बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली. पोर उपाशी होती, आणि त्या भरल्या घरात तिच्यापुरतं दूध फक्त तिनं जिंकलेल्या बक्षिसात होतं.